सब्र कुणी कुणाला सांगायचा?

मय्यतीच्या घरात रडणाऱ्या आईला शेजारणी म्हणतात, सब्र कर. नोकरी न मिळालेल्या मुलाला वडील म्हणतात, सब्र कर. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या मुलीलाही तेच सांगितलं जातं, आणि हा तिसरा सल्ला धर्माच्या नावावर खपवला जातो याचं मला दुःख होतं. सब्र म्हणजे धीर, संयम. कुरआनात नव्वदहून अधिक ठिकाणी आलेला हा गुण आहे. मुस्लिम समाजाबाहेरचे लोक त्याला दैववाद समजतात, समाजातले अनेक जण निमूटपणा. कुरआन, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) आणि पैगंबरांचं चरित्र यांपैकी कशातच या दोन्ही समजांना आधार मिळत नाही.

गैरसमज : रडलं की सब्र मोडतो

पैगंबर मुहंमद यांचा इब्राहीम हा मुलगा तान्हेपणीच वारला. बाळ शेवटचे श्वास घेत असताना पैगंबरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. अब्दुर्रहमान इब्न औफ या सोबत्यांना नवल वाटलं. आपणसुद्धा रडता, असं त्यांनी विचारलं. ही तर माया आहे, असं पैगंबर म्हणाले. डोळे रडणार, मन दुखणार, तोंडातून मात्र ईश्वराला न आवडणारं काही निघणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. मनाई आहे ती गाल बडवून घेण्याची, कपडे फाडण्याची. अश्रूंना कधीच नव्हती.

कुरआनातल्या सूरह यूसुफ या अध्यायातले पैगंबर याकूब तर यूसुफ या मुलाच्या विरहाने इतके झुरले की त्यांचे डोळे पांढरे पडले. आपल्या दुःखाचं गाऱ्हाणं मी फक्त अल्लाहपुढे मांडतो, असं ते मुलांना सांगतात. म्हणजे गाऱ्हाणं आहेच. अय्यूब हे तर सब्राचं सर्वांत मोठं उदाहरण मानले जातात, पण आपल्याला यातना होत आहेत हे त्यांनीही ईश्वराला हाक मारून सांगितलं. तरीही कुरआन त्यांना सब्र करणारा असंच म्हणतो.

आणखी एक हदीस मला फार महत्त्वाची वाटते. एक बाई कबरीजवळ रडत होती. पैगंबरांनी तिला सब्र करायला सांगितलं. तिने त्यांना ओळखलं नाही आणि फटकारलं, की माझ्यावर जे ओढवलंय ते तुमच्यावर ओढवलेलं नाही. ते निघून गेले. कोण होते हे कळल्यावर ती त्यांच्या दाराशी आली. दारावर पहारेकरी कुणी नव्हता. खरा सब्र पहिल्या आघाताच्या वेळी असतो, एवढंच ते तिला म्हणाले. तिच्या कडू बोलण्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

गैरसमज : सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणं

याकूबांची गोष्ट इथे पुढे न्यायला हवी. रडणारे, गाऱ्हाणं मांडणारे याकूब त्याच दमात मुलांना सांगतात, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, निराश होऊ नका.

मक्केच्या ओसाड खोऱ्यात तान्ह्या इस्माईलसह राहिलेल्या हाजरांचंही तसंच. आपल्याला इथे सोडून जाणं ही ईश्वराची आज्ञा आहे हे कळल्यावर, मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, असं त्या पती पैगंबर इब्राहीमांना म्हणाल्या. इतका भरवसा असलेली बाई पाणी संपल्यावर बसून राहिली नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये ती सात वेळा धावली, कुणी दिसतंय का ते पाहत. हजला आणि उमऱ्याला जाणारा प्रत्येक जण आज त्याच सात फेऱ्या मारतो, त्याला सई म्हणतात. एका आईची धडपड इस्लामने उपासनेचा भाग केली, यापेक्षा स्पष्ट उत्तर काय असू शकतं?

दुसरे खलीफा उमर यांचा प्रसंग इ.स. 639 च्या सुमाराचा. शामकडे, म्हणजे सीरियाच्या प्रदेशाकडे, निघालेल्या उमरना वाटेत, सर्ग या ठिकाणी, पुढे साथ पसरल्याची बातमी मिळाली. सल्लामसलत करून त्यांनी परतायचं ठरवलं. सेनापती अबू उबैदांनी विचारलं, ईश्वराने लिहिलेल्या नशिबापासून पळताय का? उमर यांचं उत्तर होतं, की ईश्वराच्याच एका निवाड्याकडून दुसऱ्या निवाड्याकडे चाललो आहोत. मग अब्दुर्रहमान इब्न औफ यांनी पैगंबरांची शिकवण सांगितली : साथीच्या प्रदेशात शिरू नका, आणि तिथेच असाल तर बाहेर पडू नका. उपचार करून घ्या, हेही पैगंबरांचंच सांगणं. औषध टाळून सब्र करतो म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

गैरसमज : सब्र फक्त संकटात लागतो

इब्न कय्यिम यांच्यासारखे विद्वान सब्राचे तीन प्रकार सांगतात : कर्तव्य नेटाने करत राहण्याचा, मोहापासून दूर राहण्याचा आणि आपत्तीतला. गझाली तर रागावरचा ताबा, रणांगणावरचं शौर्य, गुपित राखणं हीदेखील सब्राचीच रूपं मानतात. रमजानचा रोजा याचाच सराव. मात्र आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुरआनने सवलत दिली आहे, कारण देहाचा छळ हा हेतूच नाही.

गैरसमज : अन्याय सोसणं म्हणजे सब्र

सगळ्यात जास्त नुकसान या समजाने केलं आहे. मक्केत गुलाम बिलाल यांचा छळ होत होता, तेव्हा त्यांना सोसत राहा असं सांगून पैगंबरांचे सोबती अबू बकर थांबले नाहीत. त्यांनी बिलालना विकत घेऊन मुक्त केलं. जाच वाढल्यावर इ.स. 615 मध्ये मुसलमानांचा एक गट समुद्र ओलांडून हबशांच्या देशात गेला, 622 मध्ये स्वतः पैगंबर मदीनेला गेले. सब्र करणाऱ्यांना अमाप मोबदला मिळेल असं सांगणाऱ्या कुरआनाच्या आयतीतच, अल्लाहची जमीन विशाल आहे, हेही सांगितलं आहे. निघून जाण्याची वाट तिथे उघडी ठेवलेली आहे.

सूरह शूरामध्ये अन्यायाचा प्रतिकार करणाऱ्यावर दोष नाही, दोष आहे तो अन्याय करणाऱ्यावर, असं म्हटलं आहे. त्यानंतर सब्र आणि क्षमेची थोरवी येते. म्हणजे क्षमा करायची की नाही, हे ज्याने सोसलं त्याने ठरवायचं. मारणाऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी ती मागून घ्यायची नाही. अवघ्या तीन आयतींच्या सूरह अस्रमध्येही लोकांनी एकमेकांना सत्याची आणि सब्राची आठवण द्यायची आहे. दोन्हींची, आणि एकमेकांना. सत्य गिळून नुसता सब्र, तोही बलवानाने दुबळ्याला सांगितलेला, या शिकवणीत बसत नाही.

खौला बिन्त सअलबा यांच्या नवऱ्याने रागात त्यांना आईसमान म्हणून टाकलं. जुन्या अरबी रूढीनुसार अशी बाई ना धड पत्नी राहत असे, ना मोकळी होत असे. खौला पैगंबरांकडे गेल्या आणि हटून वाद घालत राहिल्या. सूरह मुजादिलाची सुरुवातच अशी आहे, की त्या बाईचं म्हणणं अल्लाहने ऐकलं. रूढी निषिद्ध ठरली आणि तसं बोलणाऱ्या पुरुषावर प्रायश्चित्त आलं.

भारतात 1939 मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. त्यामागे मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या उलेमांचा धार्मिक आधार होता. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल किंवा क्रूरपणे वागत असेल, तर पत्नी न्यायालयातून घटस्फोट मागू शकते. हात न उचलता केवळ वागणुकीने तिचं जगणं नकोसं करणं हेही या कायद्यात क्रौर्यच धरलं आहे. कायदा आजही लागू आहे. माहेरी आलेल्या मुलीला ही माहिती आधी द्यावी. सब्र करायचा की नाही, ते ती ठरवेल.