पळस, पायवाट आणि वाघाचा मार्ग

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरून पुढे जातो. फाल्गुनात या मार्गाने प्रवास करणाऱ्यास दुतर्फा कोरडे माळ आणि निष्पर्ण झाडे दिसतात. यवतमाळ जिल्हा उन्हाने करपून गेला, असा त्याचा समज होतो. तो समज दूर करण्याचा उपाय सोपा आहे. वाहन गावात ठेवावे, पाण्याची बाटली घ्यावी आणि सूर्योदयाच्या सुमारास शेतांमधील पायवाट धरावी.

आरंभी काळीची शेते लागतात. तूर निघालेली असते. धुऱ्यावर तुराट्यांच्या पेंढ्या रचलेल्या दिसतात. कुठे हरभऱ्याची काढणी चालू असते, कुठे पऱ्हाटी उपटून शेत मोकळे केलेले असते. दोन शेतांमधील बांधाला या भागात धुरा म्हणतात. नांगर न लागलेली ती चार-सहा हातांची पट्टी. बोर, बाभूळ, कडुनिंब आणि पळस यांना तिथेच आसरा मिळतो. फाल्गुनात पळसाचे पान गळून जाते आणि झाड केशरी फुलांनी भरून जाते. पाकळीचा बाक पोपटाच्या चोचीसारखा असल्यामुळे संस्कृतात त्याला 'किंशुक' हे नाव मिळाले. फुलाला सुगंध नाही, परंतु मध भरपूर आहे. म्हणून सकाळी साळुंकी, शिंजीर आणि खारी यांची या झाडावर वर्दळ असते. जलस्रोत आटू लागण्याच्या काळात एवढ्या जिवांना मध पुरवणारे हे झाड शेताच्या कडेला उभे असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शेते संपली की जमीन चढू लागते. काळी माती जाऊन मुरूम लागतो. सरकारी दप्तरात 'ई-क्लास' म्हणून नोंदलेले गायरान येते आणि त्यापुढे बुटक्या टेकड्या. येथे मोहाची झाडे आहेत. मोहाची फुले रात्री उमलतात. वटवाघळे त्यांच्याकडे येतात आणि पहाटे मांसल, गोड पाकळ्यांचा सडा झाडाखाली पडतो. कोलामांच्या पोडांवरील आणि गोंड वस्त्यांवरील स्त्रिया-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळवलेला मोह घरात खाण्यास उपयोगी पडतो आणि बाजारात विकला जातो. शेतीचे काम नसण्याच्या दिवसांत तो मोठा आधार असतो. मात्र फुले स्पष्ट दिसावीत म्हणून कधीकधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो. ती आग वाऱ्याबरोबर टेकडीवर चढते आणि रोपे, घरटी, सरपटणारे जीव भस्मसात करते. पाचोळा झाडून घेतला किंवा झाडाखाली जाळी पसरली, तर तेच काम आगीवाचून होते.

टेकडीपलीकडे सागाचे रान सुरू होते. साग पूर्ण निष्पर्ण असतो आणि त्याची मोठी पाने पावलागणिक करकरतात. हे रान मेलेले नसते. पाणी वाचवण्यासाठी त्याने पाने टाकलेली असतात. त्याच वेळी कुसुमाच्या झाडाला तांबडी कोवळी पालवी फुटते, चारोळी मोहरलेली असते आणि काटेसावरीवर लाल फुले असतात. उतारावरून खाली आले की नाला लागतो. त्याच्या काठची दाट झाडी रानापासून थेट शेतांपर्यंत उतरलेली असते.

या नाल्यांचे महत्त्व एका वाघाने साऱ्या देशाला दाखवून दिले. केळापूर व घाटंजी तालुक्यांतील टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर, म्हणजे वयात येणाऱ्या वाघांसाठी अपुरे. तेथे जन्मलेल्या एका तरुण नराच्या गळ्यात २०१९ मध्ये उपग्रह-पट्टा बसवण्यात आला. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो बाहेर पडला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, नाले, रस्ते ओलांडत, बहुधा रात्री चालत, तो वर्षाअखेर बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण भटकंती सुमारे ३,००० किलोमीटर भरली आणि 'वॉकर' हे नाव त्याला चिकटले. उभी पिके आणि नाल्याकाठची झाडी यांच्या आडोशाने तो चालत राहिला. माणसे त्याच्या विश्रांतीच्या झुडपात शिरली तेव्हा एकजण जखमी झाला. एवढा एक प्रसंग सोडता या प्रवासात माणसांशी गंभीर संघर्ष झाला नाही.

याच जिल्ह्याने दुसरे टोकही पाहिले आहे. 'अवनी' या नावाने ओळखल्या गेलेल्या टी-१ वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात तिला गोळी घालण्यात आली. देशभर वाद पेटला. परंतु शेतात एकट्याने जाण्याचे भय आणि दावणीचे जनावर गमावण्याची धास्ती हा त्या गावांचा रोजचा अनुभव होता. रब्बीला पाणी देण्यासाठी रात्री शेतात जाणाऱ्या माणसाला वाघाचे कौतुक करण्याची सवड नसते. शहरातून आलेल्या पाहुण्याने हे विसरू नये.

दिवसभराच्या पायपिटीतून एक गोष्ट स्पष्ट होते. रानाचे रक्षण केवळ अभयारण्याच्या सीमेत होत नाही. धुरा नांगरून शेतात घेतला, गायरानावर अतिक्रमण झाले, नाल्याकाठची झाडी तोडली, तर पाखरांचा मध जातो, स्त्रियांचा मोह जातो आणि वाघाची आडवाट बंद होते. वाट बंद झाली म्हणून वाघ थांबत नाही; तो उघड्यावरून, वस्तीजवळून जातो. धुरा, गायरान आणि नाला राखल्याने वाघ व माणूस या दोघांमधील अंतर राखले जाते.

कुटुंबासह अशी सहल करायची असल्यास काही पथ्ये पाळावीत. अभयारण्यात पायी हिंडण्यास मनाई आहे. म्हणून गावाभोवतीच्या वाटाच निवडाव्यात. बरोबर गावातील जाणता माणूस असावा, मुलांना एकटे सोडू नये, दाट झुडपात शिरू नये. दहाच्या आत सावली गाठावी आणि दुपार कलल्यावर परतीची वाट धरून दिवस मावळण्यापूर्वी गावात यावे. रानात काडी ओढू नये. आणि शेतकरी भेटला तर त्याच्या धुऱ्यावरच्या पळसाची चौकशी अवश्य करावी. त्याने तो का राखला, हे तो आनंदाने सांगेल.