रामदास, आजी आणि कर्नाळ्याचा रस्ता

अलिबागला जायचे दोन रस्ते आहेत, हे मला पंचविशीपर्यंत माहीतच नव्हतं! हसू नका. आमच्या घरात रस्ता एकच. पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळ. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास सडलो तरी ‘लाँच’ हा शब्द कुणी काढायचा नाही. ऑफिसमधलं पब्लिक भाऊच्या धक्क्यावर रो-रोत गाडी चढवतं आणि तासाभरात मांडव्याला उतरतं. ‘यार, तुम्ही कुठल्या जमान्यात राहता?’ हा त्यांचा ठरलेला डायलॉग. मला वाटायचं, आजीला बोट लागत असेल.

मागच्या हिवाळ्यात ग्रुपबरोबर कर्नाळ्याचा ट्रेक केला. अभयारण्याचं तिकीट, दमवणारी चढण आणि वर तो अंगठ्यासारखा सुळका. (त्याला मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा आरडाओरडा आणि परफ्यूम, दोन्ही टाळा प्लीज.) हवा स्वच्छ होती. पश्चिमेला द्रोणागिरी, त्याच्यामागे मुंबई. फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत काकांचा मेसेज आला : ‘त्या डोंगरापलीकडच्या पाण्यात आजीचा दादा गेला. रामदास बोट.’

घरी आल्यावर आधी आजीला विचारायची हिंमत झाली नाही. आधी वाचून काढलं.

‘रामदास’ ही इंडियन कोऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनीची बोट. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. स्वदेशीच्या लाटेत निघालेली ही कंपनी भाविक कोकणी माणसासाठी बोटींना संतांची नावं द्यायची. पण नशीब वाईट. ११ नोव्हेंबर १९२७ ला तिच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. त्यानंतर १९३६ साली ब्रिटनच्या स्वान हंटर कंपनीने ‘रामदास’ बांधली. १७९ फूट लांब, हजारावर माणसं नेणारी.

१७ जुलै १९४७, गुरुवार, गटारी. मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी घरी निघालेले. सकाळी आठला बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली, तेव्हा तिच्यावर सातशेच्या वर माणसं होती. म्हणजे क्षमतेपेक्षा कमीच! बाहेर पडल्यावर वारा-पाऊस वाढला, बोट कलू लागली, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि काशाच्या खडकाजवळ ती उलटली. निघून तास पण झाला नव्हता. सहाशेहून जास्त माणसं गेली.

मला हादरवलं ते पुढच्या गोष्टीने. बोटीवर वायरलेस नव्हता. मुंबई जेमतेम दहा मैलांवर, आणि मुंबईला पत्ताच नाही! वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा कुठे दुपारी बातमी कळली. मधल्या वेळात देवासारखे आले ते रेवसचे कोळी. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या या लोकांनी ती समुद्रात फेकून दिली आणि जितकी माणसं मिळाली तितकी होड्यांत ओढून घेतली. दिवसाची कमाई पाण्यात टाकायला कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

टायटॅनिक मी चार वेळा पाहिलाय, दर वेळी टिश्यूचा बॉक्स संपवलाय. १९१२ साली टायटॅनिकने वायरलेसवर हाका मारल्या, त्या ऐकून ‘कार्पेथिया’ धावून आली आणि सातशेच्या आसपास लोक वाचले. ती कार्पेथियाही स्वान हंटरचीच! तरी पस्तीस वर्षांनी मुंबईच्या दारात पावसाळ्यात माणसं नेणाऱ्या बोटीला ते यंत्र नव्हतं. याला मी तरी नशीब म्हणणार नाही. शाळेच्या पुस्तकात ‘रामदास’बद्दल एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. बरोबर आहे म्हणा, २९ दिवसांवर १५ ऑगस्ट होता.

शेवटी आजीला विचारलंच. ती तेव्हा आठ वर्षांची. दादा लालबागला गिरणीत कामाला. ‘परकर आणीन म्हणाला होता गो,’ एवढं बोलून ती लसूण सोलत राहिली. मग आपणहून म्हणाली, ‘बाबा रेवसच्या धक्क्यावर उभे होते. रात्री आले ते एकटेच.’ दादा सापडला नाही. त्यानंतर घरातलं कुणी बोटीत बसलं नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हा आजी रात्रभर टीव्हीसमोर होती. त्याचे व्हिडिओ लगेच मोबाइलवर फिरत होते. लाइफ जॅकेट नव्हती, असं वाचलेले लोक सांगत होते. ते ऐकून तिने टीव्ही बंद केला.

यंदा दिवाळीनंतर मी रो-रोचं तिकीट काढलं. आईला सांगितलं, आजीला नाही. कॉफी, सीगल्स, सेल्फी, सगळं छान. मी मात्र आधी लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते शोधलं आणि मग डेकवर रेलिंगला धरून उभी राहिले. मांडव्याला उतरले तोच फोन वाजला.

‘पोचलीस?’

‘हो आजी.’

‘एवढ्या लवकर?’

मी गप्प. तीही गप्प. मग म्हणाली, ‘येताना कर्नाळ्यावरून ये.’