१९३२ सालाची स्मृति

गेलेल्या काळाचें स्मरण करितांना त्यांतील गोड तेवढें वेंचून घ्यावें, असा मनुष्याचा स्वभाव आहे. १९३२ सालाच्या आठवणी अशाच वेंचलेल्या आपल्यापर्यंत आल्या आहेत.

त्या वर्षीं ६ फेब्रुवारीस ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट मुंबईंत झळकला. तो कोल्हापुरच्या प्रभात कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं हरिश्चंद्राचीच कथा पडद्यावर आणिली होती. परंतु ती मुकी होती, आणि तारामतीचें काम पुरुषानें केलें होतें. आतां दुर्गा खोटे ह्यांच्या रूपानें तारामती मराठींत बोलूं लागली. जूनमध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर सी. के. नायडू ह्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदुस्थानचा संघ पहिला कसोटी सामना खेळला. तो १५८ धावांनीं हरला खरा. तथापि आरंभीं इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धावांत बाद झाले होते. ऑगस्टमध्यें लॉस एंजिलिस येथें हॉकींत आपण अमेरिकेवर २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला. १५ ऑक्टोबरास जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन विमानानें जुहूस उतरले.

ह्या गोड स्मृतींत एक प्रकरण मात्र सहसा येत नाहीं. ऑगस्टमध्येंच ब्रिटिश सरकारनें जातीय निवाडा जाहीर करून दलित वर्गास स्वतंत्र मतदारसंघ दिले. म्हणजे त्या जागांवरील प्रतिनिधि त्या वर्गानेंच निवडावयाचे. ह्यामुळें हिंदु समाज दुभंगेल म्हणून गांधीजींनीं २० सप्टेंबरास येरवड्याच्या तुरुंगांत उपोषण आरंभिलें. एकीकडे महात्म्याचे प्राण, दुसरीकडे आपल्या लोकांचा हक्क, अशा पेचांत डॉ. आंबेडकर सांपडले. २४ सप्टेंबरास पुणें करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. परंतु मतदारसंघ संयुक्त झाले. उमेदवारांची पहिली निवड दलित मतदारांची, अखेरची मात्र सर्वांच्या मतांची. डॉ. आंबेडकरांनीं पुढें ह्या करारावर कठोर टीका केली.

ज्या वर्षीं तारामतीस वाचा फुटली, त्याच वर्षीं आपल्या वतीनें कोणीं बोलावें हें ठरविण्याचा अधिकार लक्षावधि लोक मागत होते. संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा ही व्यवस्था लोकसभेंत आणि विधानसभांत आजहि चालू आहे. बोलपटापेक्षां त्या वर्षाचा हा वारसा अधिक जवळचा आहे. विद्यार्थिमित्रहो, जुन्या दिवसांच्या गोष्टी आपण आवडीनें ऐकाव्या; परंतु त्यांत कोणाचा आवाज राहून गेला, हेंहि वडील मंडळींस अवश्य विचारावें.