चालत्या सर्व्हरखालची डिस्क बदलणारा थर

जुन्या सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) नव्या हार्डवेअरवर न्यायची म्हटली की प्रोसेसर आणि मेमरीचा प्रश्न सहसा लवकर सुटतो. सेटिंगमधले आकडे नव्या यंत्रावर तेवढेच ठेवले की झाले. अडते ते डिस्कपाशी. तिथे वर्षानुवर्षांचा डेटा साचलेला असतो. तो हलवायला तासन्‌तास लागतात आणि तेवढा वेळ, समजा, एखाद्या रुग्णालयाचा नोंदणी कक्ष बंद ठेवता येत नाही. लिनक्सवर ही अडचण सोडवणारे भरवशाचे साधन म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, म्हणजेच एलव्हीएम. मात्र व्हॉल्यूमची मांडणी करणाऱ्याने आधी चार गोष्टी तपासल्या, तरच तो भरवसा खरा ठरतो.

हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिले. त्याचा आराखडा त्यांनी एचपी-यूएक्स या युनिक्स प्रणालीतल्या व्हॉल्यूम मॅनेजरवरून घेतला होता. एरवी पार्टिशन म्हणजे डिस्कवर आखलेली पक्की हद्द. एलव्हीएमने डिस्क आणि फाइलसिस्टीम यांच्यामध्ये एक थर घातला. खऱ्या डिस्क म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम. त्या एकत्र केल्या की व्हॉल्यूम ग्रुप होतो आणि त्यातून हवे तेवढे लॉजिकल व्हॉल्यूम काढता येतात. सगळी जागा एक्स्टेंट नावाच्या सारख्या तुकड्यांत वाटलेली असते. वेगळे काही सांगितले नाही तर एक तुकडा ४ एमबीचा, म्हणजे १०० जीबीच्या व्हॉल्यूमचे २५,६०० तुकडे. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आणि कोणाच्या नावावर, याची सातबाऱ्यासारखी नोंद डिस्कच्या सुरुवातीलाच साध्या मजकुरात लिहिलेली असते.

व्हीएमला फक्त लॉजिकल व्हॉल्यूम दिसतो. म्हणूनच त्याच्या खालची डिस्क बदलता येते.

प्रत्यक्ष काम असे चालते. नवे स्टोरेज आधी जुन्याच सर्व्हरला जोडतात. ‘पीव्हीक्रिएट’ने त्यावर एलव्हीएमची खूण उमटते, ‘व्हीजीएक्स्टेंड’ने ते ग्रुपमध्ये येते आणि मग ‘पीव्हीमूव्ह’ सुरू होते. ही आज्ञा डेटाचा एकेक भाग घेऊन नव्या डिस्कवर त्याचा आरसा तयार करते. दोन्ही प्रती जुळल्या की जुनी प्रत सोडून देते. एवढ्या वेळात वर व्हीएम चालूच असते आणि नोंदणी कक्षातले काम थांबत नाही. मध्येच वीज गेली तर यंत्र सुरू झाल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्यायची. नोंदवलेल्या टप्प्यापासून काम पुढे सरकते. शेवटी ‘व्हीजीरिड्यूस’ने जुनी डिस्क ग्रुपमधून वगळतात. व्हीएमसाठी वेगळा ग्रुप ठेवलेला असेल, तर मशीन थोडा वेळ बंद करून तो अख्खा ग्रुप नव्या सर्व्हरला जोडता येतो.

पहिली तपासणी सेक्टरची. जुन्या डिस्कचा लॉजिकल सेक्टर बहुधा ५१२ बाइटचा असतो, काही नव्या डिस्कचा ४,०९६ बाइटचा. ५१२ च्या हिशेबाने बनवलेली एक्सएफएस फाइलसिस्टीम ४,०९६ च्या डिस्कवर हलवली तर माउंट होत नाही. एलव्हीएमच्या अलीकडच्या आवृत्त्या अशी मिसळ मुळातच नाकारतात.

दुसरी तपासणी थिन पूलची. इथे १०० जीबीच्या दहा डिस्क ६०० जीबीच्या जागेवर कबूल करता येतात, कारण प्रत्यक्ष लिहिले जाईल तेवढीच जागा खर्च होते. पण पूल आपोआप वाढवण्याची सोय मुळात बंद असते. ती कोणी चालू केली नाही आणि पूल भरला, तर नवी जागा मागणारे लेखन ६० सेकंद थांबते आणि मग चुका येऊ लागतात. पूलच्या नोंदींसाठी वेगळा छोटा व्हॉल्यूम असतो, तोही भरू शकतो. म्हणून दोन्हींवर लक्ष हवे.

तिसरी तपासणी हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारी प्रणाली, बदलताना लागते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यावर आणि परवाने वर्गणीवर नेल्यावर अनेकांनी दुसरे पर्याय शोधले. व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरवरून थेट व्हीएम आणण्याची सोय दिली. अशा स्थलांतरात डिस्कचा कंट्रोलर बदलतो. नव्या, व्हर्टआयओ प्रकारच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसलेले विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. त्यावर जुना उपाय असा: मुख्य डिस्क आधी साटा म्हणून जोडायची, शेजारी एक छोटी व्हर्टआयओ डिस्क लावून ड्रायव्हर बसवायचा आणि मग मुख्य डिस्कचा कंट्रोलर बदलायचा. लिनक्समध्ये ‘एसडीए’चे ‘व्हीडीए’ होते, म्हणून ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळख क्रमांक लिहिलेला असावा.

चौथी गोष्ट जुन्या डिस्कची. ‘पीव्हीमूव्ह’ जुनी जागा मोकळी करते, तिच्यावरचा डेटा पुसत नाही. रुग्णांच्या नोंदी तिथे तशाच राहतात. त्यामुळे नव्या स्टोरेजवरून घेतलेला बॅकअप एकदा परत उघडून पाहिल्यावर जुनी डिस्क पूर्ण पुसायची आणि त्यानंतरच ती भंगारात द्यायची.