दहा मिनिटांचा लघुपट आणि त्यामागची तयारी

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत अलीकडे एक प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. नातू किंवा नात महाविद्यालयातून घरी येते आणि जाहीर करते, "आम्हाला लघुपट करायचा आहे. आपलं घर हवं, आजी हवी, आणि दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही." वडीलधारी माणसे हसून होकार देतात. पुढे नेमके काय करायचे असते याची कल्पना मात्र त्यांनाही नसते आणि बहुधा मुलांनाही नसते. हे लिखाण दोघांसाठी आहे: कॅमेरा हाती घेणाऱ्या मुलांसाठी, आणि त्यांना घर, वेळ व थोडेफार पैसे देणाऱ्या तुमच्यासाठी.

आधी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी तीन विद्यार्थ्यांच्या एका लघुपटाला मी मार्गदर्शन करीत होतो. विषय होता दांडिया बाजाराकडचा एक जुना वाडा आणि त्यात साठ वर्षे नांदलेल्या एक आजी. वाडा विकला गेला होता आणि दिवाळीनंतर पाडला जाणार होता. मुलांनी आजींना झोपाळ्यावर बसवले, खिडकीतला उजेड छान पकडला, आणि आजी पाऊण तास बोलल्या. त्यांची मराठी ऐकत राहावी अशी होती. झोपाळ्याला त्या हिंचका म्हणत, ओट्याला ओटला म्हणत. मध्येच एखादे गुजराती वाक्य बोलून पुन्हा मराठीत येत, आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या गावीही नसे. घरी येऊन आम्ही ध्वनी ऐकला. पंख्याची घरघर, झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्याखाली आजींचे शब्द बुडून गेले होते. परीक्षा झाली की पुन्हा चित्रण करू, असे ठरले. परीक्षा संपण्याआधीच आजींना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. पाऊण तासातली सहा मिनिटे काय ती हाती लागली. पंखा बंद करा, एवढे सांगायला मी तिथे हजर होतो, आणि मी ते सांगितले नाही.

पुढे जे सांगणार आहे ते या सहा मिनिटांकडे पाहून सांगतो.

फाळके यांचे वाटाणे

दादासाहेब फाळके आपल्या गावाला परके नाहीत. मुंबईच्या जे. जे. कला शाळेनंतर ते इथल्या कलाभवनात शिकले. महाराज सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती संस्था पुढे आपल्या विद्यापीठात सामील झाली. काही काळ फाळके यांनी जवळच गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसायही केला. १९१२ मध्ये ते लंडनहून चित्रपटाची सामग्री घेऊन आले, तेव्हा त्यांच्यापुढे आजच्या विद्यार्थ्यासारखीच अडचण होती. मोठे काम करायचे होते आणि त्यावर पैसे लावायला कुणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि सुमारे महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. 'अंकुराची वाढ' हा तो लघुपट जेमतेम मिनिटभराचा होता. तो पाहून भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

विद्यार्थ्यांनी या वाटाण्यांकडून तीन गोष्टी शिकाव्यात. विषय एकच होता. जागा एकच होती. आणि तो कुणाला, कशासाठी दाखवायचा हे बी पेरण्याआधी ठरले होते. लघुपट फसतात ते बहुधा या तीनपैकी एक गोष्ट ठरलेली नसते म्हणून.

कागदावरचे काम

पहिले काम म्हणजे गोष्ट एका वाक्यात लिहिणे. "एका आजीच्या आठवणी" हे वाक्य पुरेसे नाही. त्यात काही घडत नाही. "उद्या वाडा सोडायचा आहे, आणि देवघरातली समई कोणत्या सुनेला द्यायची हे आजीला आज ठरवायचे आहे" असे लिहिले की माणूस, वेळ आणि पेच तिन्ही हाती येतात. हे वाक्य जमत नसेल तर कॅमेरा भाड्याने आणू नका.

त्यानंतर पटकथा. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. दहा मिनिटांचा लघुपट करणारा विद्यार्थी पंचवीस पाने घेऊन येतो, तेव्हा काटछाट तिथेच करावी. कागदावर कापलेल्या पानाला खर्च नसतो. चित्रित करून कापलेल्या पानात सगळ्यांचा एक दिवस गेलेला असतो.

पटकथेवरून प्रत्येक दृश्याची चौकटीत साधी रेखाटने करावीत. चित्रकला येत नसली तरी चालते, काड्यांची माणसे पुरतात. कॅमेरा कुठे आहे आणि माणूस किती मोठा दिसतो, एवढे कळले म्हणजे झाले. या चौकटी मोजल्या की शॉट किती आहेत ते समजते. नवख्या मुलांचे दिवसाला पंधरा-वीस शॉट नीट होतात, असा माझा अनुभव आहे. साठ शॉट असतील तर तीन-चार दिवस धरावे लागतील.

शॉटची यादी गोष्टीच्या क्रमाने लावू नये. जागेच्या आणि उजेडाच्या क्रमाने लावावी. ओट्यावरचे सकाळचे सगळे शॉट एकत्र, मग ते गोष्टीच्या आरंभीचे असोत वा शेवटचे. अशा वेळी कपडे, दागिने, भिंतीवरचे कॅलेंडर आणि पेल्यातले पाणी आधीच्या शॉटसारखेच आहे का, हे पाहायला एकाला वही घेऊन बसवावे.

जागा पाहणे आणि ऐकणे

जागेची पाहणी चित्रणाच्याच वेळेला करावी. सकाळी अकराला चित्रण असेल तर संध्याकाळी पाहिलेल्या उजेडाचा उपयोग नाही. पाहून झाले की खोलीच्या मध्ये उभे राहून दोन मिनिटे डोळे मिटावेत आणि ऐकू येईल ते लिहून काढावे: पाण्याचा पंप, शाळा सुटल्याचा गलका, देवळातली घंटा, समोरच्या गल्लीतले गाड्यांचे हॉर्न. पंप कधी लागतो हे शेजाऱ्यांना विचारता येते. बहुतेक शेजारी तासभर पंप पुढे ढकलतात. त्यांना आदल्या दिवशी सांगितलेले असले पाहिजे एवढेच.

चित्रणाच्या वेळी पंखा बंद, कुकर बंद, फ्रिजही बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचे राहून जाऊ नये म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, ही चित्रपटवाल्यांची जुनी युक्ती आहे; किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. बोलणाऱ्याच्या पदराला किंवा सदऱ्याला छोटा माइक लावावा आणि एकाने सगळा वेळ कानाला हेडफोन लावून फक्त ऐकत बसावे. कॅमेऱ्यातल्या माइकवर विसंबणे हीच आमची चूक होती. काम संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभे राहून त्या रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट टिपावा. संकलनात दोन वाक्ये जोडताना मधली फट भरायला तो लागतो.

वृद्ध माणसाला एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवू नये. जे अत्यंत महत्त्वाचे आहे ते पहिल्या दिवशी, पहिल्या तासात करावे. आमचे पाऊण तासाचे बोलणे "आज फक्त चाचणी" म्हणून झाले होते.

त्याच संध्याकाळी सगळे चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून त्या दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात.

परवानगी आणि हक्क

घरच्या माणसांचीही लेखी संमती घ्यावी. आज आनंदाने बोललेली काकू उद्या म्हणू शकते, "भाऊबंदकीचं ते काढून टाक," आणि तिचे म्हणणे रास्तच असते. संमतीपत्र मराठीत असावे, वाचून दाखवावे, आणि लघुपट कुठे कुठे दाखवणार ते त्यात लिहावे.

गाण्याच्या बाबतीत मुले हमखास अडकतात. आपल्याकडे गीत आणि संगीत यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रिकेचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. म्हणजे जुने नाट्यपद हक्कमुक्त झालेले असले तरी त्याची नंतर निघालेली ध्वनिमुद्रिका हक्कात असू शकते. आजींनी स्वतः जात्यावरच्या पारंपरिक ओव्या म्हटल्या तर हा प्रश्न येत नाही, आणि लघुपटालाही त्याच अधिक शोभतात. लघुपट तिकीट लावून किंवा सार्वजनिक रीतीने दाखवायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राची चौकशी आधी करावी. महोत्सवांचे नियम वेगळे असतात. ते अर्ज भरण्यापूर्वी वाचावेत.

पोस्टर पहिल्या दिवसापासून

प्रसिद्धीचे साहित्य म्हणजे लघुपट पुरा झाल्यावर रात्री जागून करायचे काम, अशी समजूत आहे. आमच्या लघुपटाला पोस्टर करायची वेळ आली तेव्हा आमच्याजवळ आजींचे एकही स्थिर छायाचित्र नव्हते. चलच्चित्रातली एक चौकट काढून मोठी केली. छापल्यावर चेहरा धुरकट आला. म्हणून सांगतो, चित्रणाच्या दिवशी एका विद्यार्थ्याकडे फक्त छायाचित्रांचे काम द्यावे. त्याने पात्रांची, जागेची आणि काम करणाऱ्या मुलांचीही छायाचित्रे घ्यावीत.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटांच्या काळात आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवली आणि माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढल्या. त्यांचा हात चित्रकाराचा होता. पण पाहणाऱ्याला रस्त्यावरून जाताना एका नजरेत काय कळावे, हा विचार कुणालाही करता येतो. पोस्टरवर एकच प्रतिमा असावी, नाव दहा पावलांवरून वाचता यावे, आणि बाकी मजकूर कमीत कमी असावा. नाव मराठीबरोबर गुजरातीतही लिहावे. आपले निम्मे प्रेक्षक शेजारपाजारचेच असतात. लघुपटाला उपशीर्षकेही द्यावीत. एका वेळी दोन ओळींहून अधिक नकोत, आणि सावकाश वाचणाऱ्याचेही वाचून होईल इतका वेळ त्या पडद्यावर राहाव्यात. फाळके यांनीही मूकपटात एकाहून अधिक भाषांत मजकूर दाखवला होता.

पोस्टरशिवाय आणखी काही गोष्टी एका ठिकाणी तयार असाव्यात: पन्नास शब्दांत कथासार, दीडशे शब्दांत कथासार, दिग्दर्शकाचे चार ओळींचे मनोगत, तीन चांगली छायाचित्रे, तीस सेकंदांची झलक, आणि श्रेयनामावली. श्रेयनामावलीतले प्रत्येक नाव त्या माणसाकडून स्वतः लिहून घ्यावे. दोन दिवस चहा करणाऱ्या वहिनींचे नाव चुकले, तर ते चित्रपटातल्या चुकीपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

मजकूर लिहिताना फुगवू नका. 'राजा हरिश्चंद्र'च्या एका जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत, असे सांगितले होते. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात सोळा चौकटी बसतात, त्यामुळे छायाचित्रांचा आकडा जवळपास बरोबर ठरतो. दोन मैल मात्र दहा हजार फुटांहून अधिक होतात. ते काही जुळत नाही. फाळके यांना ते शोभून गेले, कारण तसे काही लोकांनी पूर्वी पाहिलेच नव्हते. आज "हृदयस्पर्शी" आणि "अविस्मरणीय" वाचून कुणी खुर्चीवरून उठत नाही. "हा वाडा आता नाही" एवढे चार शब्द पुरतात.

एकंदर हिशेब असा धरावा: पटकथेला तीन आठवडे, पाहणी आणि परवानग्यांना दोन, चित्रणाला एक, संकलन आणि ध्वनीला चार, उपशीर्षके व छपाईला दोन. हे बारा आठवडे झाले. अनपेक्षित अडचणींसाठी आणखी एक आठवडा धरावा, आणि तो लागतोच.

आमचा लघुपट शेवटी सात मिनिटांचा झाला. पहिला खेळ आजींच्या मुलाच्या नव्या सदनिकेत, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर झाला. आजी खुर्चीत बसून स्वतःचा आवाज ऐकत होत्या. 'ओटला' हा शब्द आला तेव्हा त्यांनी उजवा हात उचलून पडद्याकडे बोट केले. त्यांच्या सूनबाईंनी मला विचारले, "बाकीचं ऐकू येईल असं काही करता येत नाही का हो?" मी नाही म्हणालो.

तुमच्या घरी लघुपट व्हायचा असो वा नसो, येत्या रविवारी जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा, पंखा बंद करा, आणि त्यांना बोलू द्या.