पोळं कोणाचं, हे आधी पाहायचं

सकाळी 6. चेन्नईत चैत्रात कडुनिंब फुलला की माझा फोन लवकर वाजायला लागतो. घराला लागलेली पोळी पाहणं, जमतील ती हलवणं हे माझं काम. "अम्मा, तेनी (मधमाश्या)!" पलीकडचा आवाज घाबरलेला असतो. मी विचारते, पोळं उघड्यावर लटकलंय की भिंतीच्या पोकळीत आहे? लांबूनच फोटो पाठवा.

7.30, वेळच्चेरी. वरच्या मजल्याच्या छज्ज्याखाली आग्या मोहोळ. एकच रुंद पोळं, माश्यांनी काळंभोर झाकलेलं. मोठी गांधीलमाशी जवळ घिरट्या घालते तशी पोळ्यावरून लाट सरकते. माश्या एकीपाठोपाठ एक पोट वर उडवतात. शत्रूला बुजवायची ही त्यांची रीत. वॉचमन अण्णांनी रॉकेल आणि बोळे तयार ठेवले होते, ते परत पाठवले. आग्या डिवचली की एकीच्या नांगीच्या वासानं बाकीच्या तुटून पडतात आणि दूरवर पाठलाग करतात. मोहर सरला की त्या आपणच स्थलांतर करतात. तोवर गच्चीचा तो कोपरा बंद.

10, मैलापूर. जुन्या घराच्या बंद पडलेल्या मीटरपेटीत सातेरी. अंधारात एकाशेजारी एक समांतर पोळी. ही पेटीत नांदणारी माशी, हिला हलवता येतं. पण कामकरी माश्या आत्ता बाहेर आहेत. संध्याकाळी येते म्हटलं.

11.30, त्याच गल्लीत. खिडकीच्या चौकटीवर मातीचे गोळे. कुंभारीण. एकटीच राहते, पिलांसाठी लुळ्या केलेल्या अळ्या आत कोंबते आणि भोक लिंपते. घरट्याची राखण करत नाही. आजींना म्हटलं, राहू द्या.

दुपारी ऊन फार, घरी.

4, अड्यार. समुद्राचं वारं सुटलंय. कडीपत्त्याच्या झाडावर लहान गांधीलमाश्यांचं कागदी पोळं, चघळलेल्या लाकडाचं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी अशाच एका जातीचा अनेक वर्षं अभ्यास केला: राणी काढून घेतली की एक कामकरी एकाएकी आक्रमक होते आणि तीच पुढची राणी ठरते. या माश्या झाडावरच्या अळ्या वेचतात. वाटेपासून लांब आहे, म्हणून ठेवलं. मोठ्या गांधिलांचं पोळं दाराशी असतं, तर 101 वर अग्निशमन दलाला बोलावलं असतं.

6.15, पुन्हा मैलापूर. हलका धूर दिला. पोळी एकेक कापून केळीच्या सोपटानं मधपेटीच्या चौकटींना बांधली. राणी पेटीत गेल्यावर बाकीच्या दारात शेपूट वर करून पंख फडफडवत राहिल्या, मागच्यांना वास मिळावा म्हणून. मदतनीस पोराच्या मनगटात नांगी रुतली. ती नखानं तत्काळ खरवडून काढली, कारण विषाची पिशवी तुटल्यावरही विष ढकलत राहते. वर बर्फ. ओठ सुजले, श्वास लागला, तर थेट 108. अंधार पडल्यावर पेटी चेंगलपट्टूकडच्या शेतावर रवाना. जवळ ठेवली तर माश्या जुन्या जागी परततात.

8.30. वेळच्चेरीला फोन: त्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा, आग्या उजेडाकडे झेपावते. छज्ज्याजवळची रंगरंगोटी पोळं रिकामं होईपर्यंत पुढे ढकलायला सोसायटी तयार झाली. थोडे आठवडे कळ काढली, की माणसंही सुखरूप राहतात आणि माश्याही.