वजन, पाणी आणि गुळण्या

आमच्याकडे कॅन्सरच्या उपचारांची सुरुवात दातांपासून झाली. घशातली गाठ, बायोप्सीचा रिपोर्ट, परळला टाटा हॉस्पिटलात जाऊन घेतलेला सल्ला हे सगळं पार पडल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांना पहिल्यांदा पाठवलं ते दंतवैद्याकडे. रेडिएशन घेतलेलं जबड्याचं हाड पुढे नीट भरून येत नाही. उपचारानंतर दात काढायची वेळ आली, तर ती जखम वर्षानुवर्षं चिघळत राहू शकते. म्हणून किडलेले, हलणारे दात आधीच काढायचे, हिरड्या भरायला दोनेक आठवडे द्यायचे आणि मग पुढचं. दाढा गेल्या त्या संध्याकाळी हे एवढंच म्हणाले, "भाकरीचं आता काय करायचं?" पुढचे काही महिने भाकरीचा विषयच निघणार नाही, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

आमचा तालुका तासगाव. दोन एकर द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकलेली. डाऊनी रोगाचं भय असतं ते ह्याच दिवसांत; रात्री पाऊस पडला की पहाटे फवारणीला उठायचं. अशा वेळी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: ७० ग्रे रेडिएशन, ३५ भागांत, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, आणि सोबत सिस्प्लॅटिन नावाची केमो. घशाच्या ह्या जागी ऑपरेशन केलं तर स्वरयंत्र जाण्याची शक्यता मोठी. केमो आणि रेडिएशन एकत्र दिलं तर पुष्कळ रुग्णांचा आवाज वाचतो, म्हणून हा मार्ग. केमोचं मुख्य काम म्हणजे पेशींना रेडिएशनपुढे दुबळं करणं. आमच्याकडे लोक रेडिएशनला 'लाईट' किंवा 'शेक' म्हणतात. गावात बातमी पसरली की 'त्यांना लाईट लावणार'.

भेटायला आलेला जो तो "मन खंबीर ठेवा" म्हणायचा. सगळे मनापासून म्हणायचे, पण सकाळी उठून करायचं काय, हे कोणीच सांगत नव्हतं. ते सांगितलं रेडिएशन विभागातल्या एका सिस्टरनी. "बाई, तुमचं काम एकच. उपचार मध्ये तुटू द्यायचा नाही. त्यासाठी वजन, पाणी आणि गुळण्या सांभाळा." मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण कामाची इतकी नेमकी आखणी क्वचितच ऐकली.

घरी आल्यावर मी बागेची फवारणीची वही काढली. द्राक्षं परदेशी पाठवायची तर कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला मारलं ह्याची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे ह्यांना नोंदींची शिस्त होती. वहीच्या मागच्या बाजूने मी नवे रकाने आखले: वजन, पाणी, लघवी, ताप, गुळण्या, गोळ्यांच्या वेळा, पोटात गेलेलं अन्न. पुढून बाग आणि मागून हे, अशी ती एकच वही दोन्हीकडून भरत गेली.

उपचारांच्या आधी मुखवटा तयार करतात. मोल्ड रूममध्ये मला दारापाशी उभं राहू दिलं. जाळीदार प्लॅस्टिकचा पांढरा पत्रा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकला, तो बघता बघता पारदर्शक आणि लिबलिबीत झाला. दोन तंत्रज्ञांनी तो दोन्ही बाजूंनी धरून ह्यांच्या चेहऱ्यावरून खांद्यांपर्यंत ओढला, कडा खालच्या फळीला अडकवल्या आणि बोटांनी नाकाची दांडी, हनुवटी, गळ्याची खळगी दाबून दाबून बसवली. ह्यांची बोटं चादरीत रुतलेली दिसत होती. "काका, गिळू नका, नाकानं सावकाश श्वास घ्या," असं ती मुलगी सारखी सांगत होती. थोड्याच मिनिटांत पत्रा कडक झाला. काढला तेव्हा त्यात ह्यांचा चेहरा होता, भुवयांच्या उंचवट्यासकट. रोज हाच मुखवटा घालून हलता न येईल असं झोपायचं, कारण किरणांचा नेम मिलिमीटरमध्ये असतो. त्यानंतर सीटी स्कॅन आणि मग आठवडाभर डॉक्टर आणि फिजिसिस्ट संगणकावर आराखडा करतात: गाठीला किती, लाळग्रंथींना किती कमी, मज्जारज्जूला किती चालेल.

ह्या मुखवट्यामुळे मला वजनाचं महत्त्व कळलं. माणूस उतरला की मुखवटा सैल होतो, नेम हलण्याची भीती असते, कधी पुन्हा स्कॅन करून सगळा आराखडा नव्याने करावा लागतो.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं इस्पितळ काढलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक इथे येतात. लाईटसाठी थांबणाऱ्यांच्या बाकावर निम्मं बोलणं कानडीत चालायचं. प्रत्यक्ष उपचार पंधरा मिनिटांचा, त्यातही बराचसा वेळ नीट झोपवण्यात जातो. जाड दार बंद होतं, वर लाल दिवा लागतो, आत माणूस एकटा. दुखत काहीच नाही. बाहेर आल्यावर अंगात किरण वगैरे काही राहत नाहीत. आमच्या जाऊबाईंनी नातवाला ह्यांच्याजवळ जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मी डॉक्टरांना विचारून, घरी सगळ्यांसमोर नातवाला ह्यांच्या मांडीवर बसवलं. मात्र केमोनंतर दोन दिवस लघवी, उलटी आणि ते कपडे हाताळताना हातमोजे घालायचे आणि संडासात दोनदा पाणी सोडायचं. ते औषध शरीरातून बाहेर पडत असतं, म्हणून ही काळजी खरी.

केमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत का आणि क्रिएटिनिन वाढलंय का, ह्यावर दुसऱ्या दिवशीची सुई ठरते. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्या, त्यांत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम. लघवी मापायची. घरी आल्यावर पाणी मागे लागून पाजायचं; तहान लागण्याची वाट बघत बसलं तर पोटात अर्धा तांब्याही जात नाही. मळमळ पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. त्यासाठीच्या गोळ्या उलटी होण्याआधी, घड्याळ लावून द्यायच्या. कानात आवाज येतो का, कमी ऐकू येतं का, हेही विचारत राहायचं, कारण हे औषध कानालाही त्रास देतं.

ह्यांना सगळ्यांत छळलं ते उचकीनं. केमोनंतर सुरू झाली ती रात्रभर थांबेना. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "कोण एवढी आठवण काढतंय रे देवा!" मी वहीत वेळ लिहिली आणि सकाळी डॉक्टरांना दाखवली. ही उचकी औषधांची असते, तिच्यावरही गोळी असते. पुढच्या केमोला ती गोळी आधीच तयार होती. वहीचा उपयोग असा होतो. डॉक्टरांपुढे पाच मिनिटं मिळतात आणि रुग्ण "बरं आहे" म्हणतो. तारीख-वार लिहिलेलं असलं की ती पाच मिनिटं पुरतात.

केस सगळे जातील ही भीती खरी ठरली नाही. सिस्प्लॅटिननं सहसा टक्कल पडत नाही. गेली ती दाढी, आणि मानेमागचा एक पट्टा, जिथून किरण बाहेर पडतात.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोललं. ओठांच्या आतून, टाळूवर, घशात पांढरे चट्टे. लाळ आधी चिकट झाली, सकाळी तार धरून ओढावी लागायची, मग आटत गेली. चव गेली. आमच्या घरात खर्ड्याशिवाय जेवण नाही. आता आमटीतला मिरीचा कणसुद्धा निखाऱ्यासारखा लागे. तिखट बंद, आंबट बंद, कडक बंद. नाचणीचं सत्त्व, तूप घातलेलं पातळ खिमट, दुधात कुस्करलेलं केळं, मऊ उकडलेलं अंडं फेटून. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध तोंडात फिरवायचं आणि बधिरपणा आहे तोवर चार घास उरकायचे. वेदनेसाठी मॉर्फिन लिहून दिलं तेव्हा दीर म्हणाले, सवय लागेल. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की वेदना आहे तोवर वेळेवर द्या, वेदना उतरली की आम्ही उतरवू. तसंच झालं.

गुळण्यांचं पाणी मी दर सकाळी करायची: एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. दर दोन तासांनी, जागे असतील तर रात्रीही. बाजारातल्या झोंबणाऱ्या माउथवॉशला हात लावायचा नाही. मानेला साबण नाही, वस्तरा नाही, सुती जुन्या धोतराचा पंचा गळ्याभोवती. जबडा आखडू नये म्हणून दिवसातून अनेकदा तोंड उघडायचा व्यायाम. ह्यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते रोज, न चुकता, समोरचा माणूस वैतागून हात झिडकारत असताना करणं.

वजन उतरायला लागलं तसं नाकातून नळी घालायचं ठरलं. लोक म्हणाले, "नळी घातली म्हणजे संपलंच." मला उलट हायसं वाटलं. नळीचं काम मी सिस्टरकडून शिकले. प्रत्येक वेळी आधी नाकपुडीपाशी नळीवरचा आकडा बघायचा, तो हलला असेल तर काहीही न घालता दवाखाना गाठायचा. माणसाला बसतं करायचं. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडायची, आधी थोडं पाणी, मग गाळलेलं कोमट अन्न. सिरिंज उंच धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्यानं ढकलायचं नाही. ठसका आला तर लगेच थांबायचं. शेवटी पुन्हा पाणी, नाहीतर नळी तुंबते. अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. एका वेळेला पेलाभर, दर अडीच-तीन तासांनी. दूध, अंडं, नाचणी, मुगाचं कढण, सगळं वस्त्रगाळ. तरीही दोन घोट तोंडानं गिळत राहायचं, म्हणजे गिळायची सवय मोडत नाही.

ह्या दिवसांत हे बोलेनासे झाले. काही हवं असलं की वही ओढून लिहायचे. एकदा मी पान उलटलं तर वजनाच्या रकान्याखाली लिहिलेलं होतं, 'आज बागेत औषध मारलं का? पानं मागून बघायला सांग.' मी भाच्याला फोन लावून स्पीकरवर धरला. त्यानं फवारणीचं प्रमाण सांगितलं, ह्यांनी बोटांनी दोन दाखवून चूक दुरुस्त केली. त्या रात्री नळीतून गेलेला पेला पहिल्यांदा कुरकुर न होता गेला. माणूस आजारी पडला म्हणून त्याच्या हातातला सगळा कारभार काढून घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

पाचव्या आठवड्यात ह्यांनी लिहिलं, 'बास. चार दिवस सुट्टी.' मोडण्याची वेळ असते ती हीच. घरातलेही म्हणतात, जरा अंगात ताकद येऊ द्या, मग घ्या. डॉक्टरांनी खुर्ची ओढून ह्यांना समजावलं. उपचार थांबला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पूर्वीपेक्षा वेगानं वाढतात. घशाच्या कॅन्सरमध्ये मधला खंड थेट यशावर परिणाम करतो. मशीन बंद पडलं, सणाची सुट्टी आली, तर डॉक्टर स्वतः शनिवारी बोलावून किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा देऊन ती भरपाई करतात, इतकं ते महत्त्वाचं. हे गप्प बसले, मग पंचा गुंडाळून उठले. मी तोपर्यंत एसटीचा नाद सोडून दवाखान्याजवळ एक खोली भाड्यानं घेतली होती. थकवा प्रवासानंच दुप्पट होत होता.

पैशांचंही सांगायला हवं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो आणि रेडिएशन बसतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण उपचार सुरू होण्याआधी आरोग्यमित्राला भेटून, रेशनकार्ड आणि आधार देऊन मंजुरी घ्यावी लागते. एसटीत आणि रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे, रेल्वेत सोबतच्या माणसालाही. दवाखान्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि विचारतात तेव्हा लोकांना नेमकं काम सांगा. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या शेजाऱ्याला मी सांगितलं, रोज रात्री नऊ ते बारा तुम्ही ह्यांच्यापाशी बसा. मी तेवढं झोपायचे. माझी बीपीची गोळीही त्याच वहीत लिहिलेली होती.

शेवटचा लाईट झाला त्या दिवशी पेढे वाटावेत असं सगळ्यांना वाटतं. पण तोंडाचा त्रास त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस आणखी वाढतो, आणि मग हळूहळू उतरायला लागतो. घरात हे आधी माहीत नसलं तर सगळे घाबरतात. गाठ गेली की नाही हे बघायचा पेट स्कॅन साधारण तीन महिन्यांनी करतात. त्याआधी केला तर रेडिएशनची सूजच फसवते. तोवर काम तेच, वही तीच. ह्यांची नळी निघाली, मऊ भात जाऊ लागला, आवाज आहे. लाळ अजून कमी आहे, पाण्याची बाटली कायम बरोबर असते. तंबाखू सुटली आहे; ती उपचार चालू असतानाही घेतली तर रेडिएशनचा गुण कमी होतो, हे तुमच्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगा.

ज्यांच्या घरी हे आता सुरू होतंय त्यांना एकच विनंती. घरात थर्मामीटर आणा आणि दवाखान्याचा रात्रीचा फोन नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्या. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी निघा.